टाकीतले पाणी आणि बाप्तिस्म्याचे वजन : सोलापुरातील एका घराचे प्रकरण

ज्या घराविषयी पुढे लिहिले आहे ते सोलापुरात कोणत्याही एका पत्त्यावर सापडणार नाही. शहरातल्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या, घरांतून जे निरनिराळ्या रूपांत पुन्हा पुन्हा घडते ते येथे एका घरात बसवून मांडले आहे, आणि म्हणून नात्यांखेरीज कोणाचेही नाव दिलेले नाही. प्रश्न मात्र सगळीकडे एकच असतो. ख्रिस्ती माणसाने आपल्या विश्वासातल्या कोणत्या शिकवणुकीसाठी मंडळी सोडावी, कोणत्या शिकवणुकीसाठी नुसता वाद घालावा, आणि कोठे आपले मत जवळ ठेवून शेजाऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसावे?

घरात चार पिढ्या आहेत. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचे यजमान गिरणीत होते आणि गिरणी बंद पडल्यावर फार दिवस राहिले नाहीत. मुलगा कचेरीतून निवृत्त झालेला, बालबाप्तिस्मा देणाऱ्या एका जुन्या मंडळीचा पंच. नातू सव्वीस वर्षांचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला. नात पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आणि तिची चार महिन्यांची मुलगी. घराण्यात असे सांगतात की पणजोबांचे वडील १८९९-१९०० च्या दुष्काळात पोरके होऊन मिशनच्या आश्रयाला आले आणि तेथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या मुलाला तेव्हा तारणाचा अर्थ कितपत कळला असेल हे कोणी विचारीत नाही. या घराच्या लेखी घराण्याची सुरुवातच त्या पाण्यापासून होते.

नातवाला दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या एका सोबत्याने शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेला नेले. ती नवी मंडळी एका भाड्याच्या हॉलमध्ये भरत असे. सहा महिन्यांत त्याचा मावा सुटला, पगार पुरा घरी येऊ लागला, आणि जो मुलगा उपासनेच्या वेळी चर्चच्या बाहेर गाडीवर बसून राहायचा तो पहाटे उठून शास्त्र वाचू लागला. घराला याचा आनंदच झाला. वडील तर पाळकसाहेबांना सांगत, की आमच्याकडे वीस वर्षांत झाले नाही ते त्यांनी केले. त्यानंतर एप्रिलमध्ये त्याने पाण्यात बुडून बाप्तिस्मा घेतला, घरी न सांगता.

तो प्रसंग त्याने मोबाइलवर दाखवला. हॉलच्या मागे सिमेंटची टाकी, छातीपर्यंत पाणी, अंगाला चिकटलेला पांढरा सदरा, आणि वर येताना डोळे घट्ट मिटलेले. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येते, त्यामुळे बाप्तिस्म्याची तारीख पंचांगाने नव्हे तर पाणी सुटण्याच्या दिवसाने ठरली होती. वाड्यातल्या भाडेकरूंचे हंडे-बादल्या आधी भरू द्यायच्या आणि मग टाकीत पाइप सोडायचा, असा करार होता. टाकी भरायला रात्रीचे अकरा वाजले. तोवर लोक गात बसले होते.

वडिलांनी काही न बोलता कपाटातून त्याचा जुना दाखला काढून समोर ठेवला. दाखल्यावर त्याचे नाव, आईवडिलांची नावे, दोन साक्षीदार आणि पाळकांची सही होती. नातू म्हणाला, "पप्पा, त्या दिवशी मी विश्वास ठेवलाच नव्हता, तर ती नुसती अंघोळ झाली." येथपर्यंत गोष्ट बापलेकांतली होती. ती पुढे गेली ती बाळामुळे. ईस्टरनंतरच्या रविवारी भाचीचा बाप्तिस्मा ठरला आणि मामा म्हणून साक्षीदार राहायला त्याने नकार दिला. मंडळीच्या समितीपर्यंत बातमी पोचली. समितीने पत्र दिले, की दुसरा बाप्तिस्मा ही चूक होती असे लिहून दिल्याखेरीज त्याला प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणाची भाकर आणि पेला, मिळणार नाही. तिकडे नव्या मंडळीचा नियम असा, की जे बुडून बाप्तिस्मा घेतलेले नाहीत त्यांना भाकर नाही. त्यामुळे आई-वडील, बहीण आणि आजी तिकडे गेलीच तर रिकाम्या हाताने परतणार. एकाच पाण्यावरून दोन्हीकडची मेजे एकमेकांना बंद झाली. दोन्ही मेजांवर नाव एकाच प्रभूचे घेतले जात होते हे लिहायला नको, पण त्या महिन्यात ते कोणाच्या ध्यानात राहिलेले दिसत नव्हते.

मला या घरात बोलावले ते शास्त्राभ्यासाचा वर्ग घेणारा म्हणून. मी पहिल्या बैठकीत वाद ऐकला आणि दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. "जे खोटे ठरले तर मी ख्रिस्ती राहणार नाही, ते लिहा," एवढेच सांगितले. आजीचे उत्तर नातीने लिहून घेतले. वडिलांनी प्रेषितांचा मतांगीकार, म्हणजे उपासनेत म्हटले जाणारे विश्वासाचे जुने कथन, जवळजवळ ओळीने उतरवला. नातवाने क्रमांक घालून लिहिले: येशू मेलेल्यांतून उठला, त्याच्या रक्ताने पापांची क्षमा, नवा जन्म, पवित्र शास्त्र, तो परत येणार आहे, आणि सहावा, बाप्तिस्मा. आजीने दोनच गोष्टी सांगितल्या, की तो उठला, आणि मी हाक मारते तेव्हा तो ऐकतो.

कागद शेजारी शेजारी ठेवले तेव्हा एक ओळ तिन्हींत होती, तो उठला ही. परंतु मला त्याहून बोलकी वाटली ती दुसरी गोष्ट. नातवाच्या यादीत पुनरुत्थान पहिले आणि बाप्तिस्मा सहावा होता. प्रत्यक्षात त्याने घर तोडले होते ते सहाव्यासाठी, आणि पहिल्यावर ज्यांच्याशी त्याचे संपूर्ण एकमत होते त्यांच्याशीच. माणूस सिद्धांतांना कोणता क्रम देतो हे त्याच्या यादीवरून समजत नाही. तो कशासाठी उठून जातो यावरून समजते. समितीचेही तेच होते. तिच्या सभासदांपैकी एकानेही बाप्तिस्म्याची पुनरावृत्ती हे तारण गमावण्याजोगे पाप मानले नसते, तरी शिक्षा मात्र तिने त्याच मापाची काढली होती. आणि त्रैक्याची शिकवण, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव ही, जिच्यावाचून मंडळीचे निदान सोळाशे वर्षांचे बोलणे उभे राहत नाही, ती वडिलांचा कागद सोडला तर कोठेही नव्हती. मात्र नातवाला लहानपणी आणि टाकीत जे शब्द उच्चारून बाप्तिस्मा दिला गेला ते दोन्ही वेळा अक्षरशः तेच होते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. ज्यावर कोणी भांडत नाही ते लक्षातही राहत नाही.

या प्रकरणाची खरी गुंतागुंत मला तिसऱ्या बैठकीत दिसली, आणि ती येथे जरा सविस्तर मांडली पाहिजे. नातू एक विधान करीत होता असे सगळ्यांना, त्यालाही, वाटत होते. वास्तविक ती तीन विधाने होती. पहिले, बाप्तिस्मा विश्वास ठेवल्यानंतर द्यावा. दुसरे, म्हणून बाळाला दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. तिसरे, आणि हे त्याने कधी उघड म्हटले नव्हते, की ज्याचा बाप्तिस्मा खरा नाही त्याचे तारणही संशयास्पद आहे. पहिल्यावरून दुसरे निघते असे पुष्कळ प्रामाणिक लोक मानतात. दुसऱ्यावरून तिसरे मात्र निघत नाही. ते पाठीमागून, पाय न वाजवता आत येते.

पहिल्या विधानाला लांब आणि मानाचा इतिहास आहे. २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिचमध्ये एका घरात जमलेल्या काही जणांनी, लहानपणी बाप्तिस्मा झालेला असताना, एकमेकांना विश्वासावर पुन्हा बाप्तिस्मा दिला; त्यांपैकी फेलिक्स मांझ याला जानेवारी १५२७ मध्ये शहराच्या अधिकाऱ्यांनी लिम्मात नदीत बुडवून मारले. ज्या मतासाठी कोणी बुडून मेले आहे त्याला "नवे फॅड" म्हणणे, जे समितीच्या बैठकीत एकदा म्हटले गेले, बरे नव्हे. त्याच वेळी हेही खरे, की झुरिचमधल्या त्या पहिल्या बाप्तिस्म्यात पाणी डोक्यावर ओतले होते. विश्वासानंतरचा बाप्तिस्मा आणि बुडून घेतलेला बाप्तिस्मा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नातवाच्या मनात ते एकच झाले होते. पद्धतीबद्दल तर पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या डिडाखे या छोट्या ग्रंथात स्पष्ट सांगितले आहे: वाहत्या पाण्यात द्यावा, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, थंड नसेल तर कोमट, आणि दोन्ही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीन वेळा ओतावे. मी हे वाचून दाखवले तेव्हा आजी म्हणाली, "म्हणजे त्यांच्याकडंबी पाणी चार दिवसाआड येत होतं म्हण की." त्या बैठकीत नातू पहिल्यांदा हसला.

शास्त्राचा पुरावा दोन्ही बाजूंना आहे, आणि तो आहे तसा ठेवला पाहिजे. नव्या करारातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूशी अधिकारी आधी विश्वास ठेवतो आणि मग पाण्यात उतरतो. सोळाव्या अध्यायात तुरुंगाच्या अधिकाऱ्याबरोबर त्याच्या घरच्या सर्वांचा बाप्तिस्मा त्याच रात्री होतो. त्यात बाळे होती की नव्हती हे ते पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. कलस्सैकरांस पत्रात प्रेषित पौल सुंतेचा आणि बाप्तिस्म्याचा उल्लेख एका दमात करतो, आणि बालबाप्तिस्मा देणाऱ्या मंडळ्या सुंता आठव्या दिवशीच होत असे याकडे बोट दाखवतात. ज्या प्रश्नावर शास्त्र वाचणारे, प्रार्थना करणारे, जीव देणारे लोक पाचशे वर्षे दोन्ही बाजूंना आहेत, तो प्रश्न गौण आहे असे मी म्हणत नाही. पण त्याचे उत्तर म्हणजे ख्रिस्ती असण्याची कसोटी असे म्हणायला मात्र फार मोठे धाडस लागेल.

आता तिसरे विधान. येथे पौलाचे वागणे पाहण्यासारखे आहे, कारण सिद्धांतांच्या वजनाबद्दल लिहिणारे पुष्कळ लोक सिद्धांतांचे तीन खण करतात, पहिल्या दर्जाचे, दुसऱ्या दर्जाचे, तिसऱ्या दर्जाचे, आणि समजतात की एकदा खणात टाकलेली वस्तू तेथेच राहते. पौलाची सुंतेबद्दलची भूमिका या खणांत बसत नाही. त्याने आपला सोबती तीमथ्य याची सुंता केली, त्या भागातल्या यहूदी लोकांना अडथळा नको म्हणून. तीत या दुसऱ्या सोबत्याची सुंता मात्र त्याने होऊ दिली नाही. विधी एकच, पण तीताच्या बाबतीत लोक म्हणत होते की याखेरीज विश्वास अपुरा आहे. त्या क्षणी एका कातड्याच्या तुकड्यावर कृपेची संपूर्ण शिकवण तोलली गेली, आणि जो पौल रोमकरांना मांस खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये असे समजावतो, तोच गलतीकरांना वेगळी सुवार्ता सांगणारा शापित असो असे लिहितो.

यावरून मला असे वाटते, की काही सिद्धांतांना स्वतःचे वजन असते आणि काहींचे वजन उसने असते. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे, असे पौल करिंथकरांना लिहितो. पुनरुत्थानाला कोणी वजन द्यावे लागत नाही आणि कोणी काढूनही घेऊ शकत नाही. देहधारण, म्हणजे देवाने माणूस होणे, क्रूसावरचे प्रायश्चित्त आणि कृपेने मिळणारी क्षमा यांचेही तसेच. बाप्तिस्म्याची वेळ आणि पद्धत, अन्य भाषांत बोलणे, सहस्र वर्षांच्या राज्याचा क्रम, दशांश, ही दुसऱ्या जातीची. ती हलकी नाहीत. त्यांच्यावर माणूस जे लादतो तेवढे त्यांचे वजन होते. नातवाचे पहिले विधान वादाचा विषय होते. त्याच्यावर तिसरे चढले तेव्हा तो नकळत तीताला सुंता करायला सांगणाऱ्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि गंमत अशी, की ज्या कृपेने आपला मावा सोडवला असे तो साक्षीत सांगत होता, तिच्याच पुढे त्याने एक टाकी आणून ठेवली होती.

नव्या मंडळीच्या पाळकांशी माझे एकदा सविस्तर बोलणे झाले आणि त्यांचा आक्षेप मी येथे टाळू इच्छीत नाही. ते म्हणाले, बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात आहे. आज्ञेला तुम्ही दुय्यम कसे म्हणता? प्रश्न योग्य आहे. आज्ञापालन दुय्यम नाही. परंतु ती आज्ञा नेमकी कशी पाळावी याबद्दलचा मतभेद हा आज्ञाभंग नव्हे. नातवाच्या आईवडिलांनी त्याला चर्चमध्ये नेले ते ती आज्ञा मोडण्यासाठी नव्हे, पाळण्यासाठीच. पाळक त्यावर काही वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "आज्जींच्या तारणाबद्दल मी कधी काही बोललो नाही." ते खरे असावे. ते बोलले नव्हते. भाकरीचा नियम बोलला होता.

समितीची बाजूही मजबूत होती, फक्त तिला ते माहीत नव्हते. बाप्तिस्मा एकदाच होतो ही गोष्ट तिसऱ्या शतकातच वादाला आली होती. पाखंडी लोकांकडून बाप्तिस्मा घेतलेल्यांना पुन्हा द्यावा असे कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता आणि रोमचा स्टीफन नको म्हणत होता. पुढे ३१४ मध्ये आर्ल येथील सभेने ठरवले, की त्रैक्याच्या नावाने झाला असेल तर फक्त हात ठेवावेत. १९८२ मध्ये जागतिक मंडळी परिषदेच्या लिमा दस्तऐवजाने पुन्हा तेच म्हटले. म्हणजे समितीचे मत बरोबर होते आणि शिक्षा चुकीची होती. सोळाव्या शतकातला एक प्रसंग मला येथे नेहमी आठवतो: १५२९ मध्ये मारबुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन धर्मसुधारक पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले आणि पंधराव्यावर, प्रभुभोजनात ख्रिस्त कसा उपस्थित असतो यावर, कायमचे वेगळे झाले. प्रभुभोजनावरूनच.

आपल्या घरचे दाखलेही काही कमी नाहीत, आणि मराठी मंडळ्यांनी ते विसरू नयेत असे मला वाटते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, आणि पुढे कित्येक वर्षे त्रैक्य आणि मतांगीकारांची बंधनकारकता यांवरून त्यांचा तेथील धर्मभगिनींशी तीव्र पत्रव्यवहार चालला. नंतर त्यांनी स्वतःच लिहिले, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. नातवाला हे वाक्य फार आवडले; ते त्याच्या बाजूचे आहे असे त्याला वाटले, आणि अर्धे आहेही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, आणि १९१७ मध्ये त्यांनीच "देवाचा दरबार" स्थापन केला, ज्यात ख्रिस्ताचे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोन्ही शिष्य बसणार होते. टिळकांची पदे या घरातल्या दोन्ही मंडळ्यांत गातात. दरबाराचे मात्र कोणी नाव काढीत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले, तेव्हा त्यांत विश्वासानंतरच बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते आणि बालबाप्तिस्मा देणारे अँग्लिकनही. बालबाप्तिस्मा आणि विश्वासानंतरचा बाप्तिस्मा दोन्ही पर्याय म्हणून मान्य केल्याशिवाय ते ऐक्य झालेच नसते. जे नागपुरात कागदावर जमले ते सोलापुरातल्या एका बैठकीच्या खोलीत जमायला आणखी पन्नास वर्षेही पुरली नाहीत.

हे सगळे मी सांगितले, पण त्याने कोणी बदलले असा माझा दावा नाही. बदल घडला तो आजीमुळे. बाळाच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या रात्री तिने नातवाला खाटेजवळ बसवून विचारले, "मी गेल्यावर माझ्या मातीला तू काय सांगशील? आजी प्रभूकडं गेली म्हणशील का नाही?" तो लगेच म्हणाला, "असं काय विचारतेस आजी, प्रभूकडंच जाणार की तू." ती म्हणाली, "मग त्या टाकीशिवाय गेले म्हणायचं की." त्याने उत्तर दिले नाही. तिसरे विधान त्या रात्री संपले; पहिली दोन त्याने सोडली नाहीत, आणि सोडायला हवीत असे मला वाटतही नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाचा बाप्तिस्मा झाला. साक्षीदार म्हणून वडिलांचे चुलतभाऊ उभे राहिले. नातू चर्चमध्ये आला, मागच्या बाकावर बसला, आणि बाळ रडू लागले तेव्हा त्याला घेऊन आवारात फिरत राहिला. तो आजही नव्या मंडळीत जातो. समितीने पत्र मागे घेतले नाही. पुढच्या दोन बैठकांत तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर होता आणि दोन्ही वेळा वेळ संपली.

पावसाळ्यात आजीचे चालणे बंद झाले, तेव्हा पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन घरी आले. खाटेभोवती घरची माणसे बसली होती. आजीचे हात कापत होते, म्हणून पेला तिच्या ओठांपाशी नातवाने धरला. मग ताट आणि पेला हातोहात फिरले, आणि पाळकसाहेबांनी त्या वेळी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती. त्यांच्या वहीत त्या दिवसाची नोंद आहे: घरी प्रभुभोजन, हजर सहा. घेणारे किती, हा रकाना कोरा आहे.